क्षमेची एकच प्रत

आमच्या समोरच्या शाळेच्या भिंतीवर दर डिसेंबरात आदिवासी उगवतात. गेरूच्या पट्ट्यावर पांढरी, त्रिकोणी अंगाची माणसं, हातात हात घालून गोल नाचणारी, मध्ये एक तारपा वाजवणारा. स्नेहसंमेलन जवळ आलं की मुलं ब्रश घेऊन भिंतीला चिकटतात. गेल्या वर्षीची माणसं चुन्याखाली जातात आणि नवी उभी राहतात. आतून कवितांच्या तालमी ऐकू येतात, माईक खरखरतो, कुणीतरी बाई ओरडतात, ‘हात जोड रे, हात जोडून म्हण!’ मी गॅलरीत चहा घेऊन बसलेली असते. मुलं छान रंगवतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्याचबद्दल. वर्षभर ती गुमान पडून असते आणि या दिवसांत पाय पसरते.

एकतीस वर्षं मी डोंबिवली पश्चिमेच्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्यातले बहुतेक हिवाळे एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी कुणी वक्तृत्वात ढाल आणली, कुठल्या वर्षी मांडव पडला, मला आता सांगता यायचं नाही. फक्त ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा एक हिवाळा वेगळा राहिलाय. तो दिवाळीनंतर सुरू झाला आणि थेट मे महिन्यापर्यंत संपला नाही. त्याला आमच्या शाळेच्या दिनदर्शिकेत नाव नव्हतं. ज्यांचा तो होता ते त्याला हंगाम म्हणायचे, वीटभट्टीचा हंगाम. पण हे मला फार उशिरा कळलं.

त्या काळी शाळेचं हस्तलिखित निघायचं. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. छापायचं नाही, झेरॉक्स काढायची नाही. जाड कार्डशीटवर मुलांनी सुवाच्य अक्षरात लिहायचं, चित्रकलेच्या सरांनी वेलबुट्टी काढायची, मग कापडी बांधणी करून संमेलनात पाहुण्यांच्या हस्ते रेशमी फीत सोडायची. प्रत एकच. त्यामुळे तिला आम्ही देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं जपायचो. दर वर्षी विषय ठरायचा. त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि शिक्षक-खोलीत उभ्या राहून म्हणाल्या, ‘आपण आदिवासींचं रान घेतलं, नदी घेतली. परत तर काही देता येत नाही. निदान आपल्या मुलांनी त्यांची क्षमा मागावी. चित्रातून मागावी, कवितेतून मागावी आणि ते पुस्तक वाडीवर नेऊन त्यांच्या हातात द्यावं.’

यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि आम्ही हसलोही नाही. माझ्या तर अंगावर काटा आला होता. त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांची घरं कधीतरी कुणाच्या तरी शेतावर, रानावर उभी राहिली होती. तोवर हे कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं.

ऑक्टोबरात आम्ही टिटवाळ्याच्या पुढे एका कातकरी वाडीवर गेलो. मी, चित्रकलेचे साळवी सर आणि आठवी-नववीची वीसेक मुलं. स्टेशनापासून तासभर चाल. दोन्ही बाजूंना भात पिकून वाकलेलं, त्याचा तो उबदार, किंचित गोड वास. मुलं बांधावरून घसरत होती आणि खिदळत होती. वाडीतल्या माणसांनी आम्हाला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं आणि आम्ही कशाला आलोय ते न विचारता आमच्याकडे बघत राहिली.

तिथे येसू होती. अकरा वर्षांची असेल. वाडीपासून जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. तिला वाचायचं वेड होतं, वेडच म्हणायला हवं. आमच्या मुलांच्या शर्टांवरचे बिल्ले तिने एकेक करून वाचले. बिस्किटाच्या पुड्यावरचं सगळं वाचलं, अगदी वजनासकट. माझ्या पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव होतं ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, ‘बाई, ह्ये दुकान कुठं हाय?’ माझ्या वर्गातली मुलं धडा वाचायला उभं केलं की जमिनीकडे बघायची. मी हिच्या प्रेमातच पडले.

साळवी सरांनी सगळ्यांना कागद आणि खडू वाटले. येसूने एक उंच, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची काहीतरी इमारत काढली. तिच्या अंगाखांद्यावर मुंग्यांएवढी माणसं आणि वरून निघणारा राखाडी धूर. सर हरखले. ‘अहो, रेषेत काय आत्मविश्वास आहे या पोरीच्या! हे मुखपृष्ठावर.’ आमच्या मेधाने, नववीतल्या माझ्या सगळ्यात हुशार मुलीने, खाली वळणदार अक्षरात नाव घातलं : ‘माझ्या स्वप्नातले घर’. येसूला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

निघताना मी तिला म्हटलं, ‘पुस्तक झालं की घेऊन येऊ हं. तुझं चित्र असणार त्यात.’

‘कदी आनाल?’

‘जानेवारीत. आमचं संमेलन झालं की लगेच.’

‘तवा आमी नाय. दिवालीनंतर आमी भट्टीवर जाताव.’

मी ‘बरं’ म्हटलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं. भट्टी हे एखाद्या गावाचं नाव असेल, सण-लग्नासाठी जात असतील, असं काहीतरी मनात येऊन गेलं आणि मी चपला घातल्या. मुलांना निबंधाच्या तासाला मी नेहमी सांगायची, आधी ऐका, मग लिहा.

दिवाळीनंतर आमचं काम रंगात आलं. शाळा सुटली की वर्गात बाकं जोडून मुलं बसायची. डिंकाचा वास, काळ्या शाईचा वास, पेन्सिलीला टोक काढल्याची नखाएवढी लाकडी फुलं जमिनीवर. साळवी सरांनी प्रत्येक पानाच्या कडेने ती त्रिकोणी नाचणारी माणसं काढून घेतली. तशी चित्रं वारली काढतात, आपण गेलो होतो ती वाडी कातकऱ्यांची, हे आम्हाला कुणालाच खटकलं नाही. संध्याकाळी खाडीच्या बाजूने जळक्या तुसाचा धूर यायचा, डोळे चुरचुरायचे, पानांवर काजळी बसायची. मी मुलांना सांगायची, ‘खिडक्या लावून घ्या रे, पुस्तक खराब होईल.’

मेधाच्या कवितेवर मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या. मात्रा बसवल्या, एक शब्द बदलला.

आम्ही तोडले रान तुमचे,
आम्ही अडवली वाट,
आज उभे हे दारी तुमच्या
द्या आम्हाला हात.

संमेलनात तिने ती म्हटली तेव्हा पालक उठून उभे राहिले. मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. खरं सांगायचं तर मीही रडले. मला त्या क्षणी वाटलं, काहीतरी फिटलं.

मग जानेवारीच्या एका सकाळी आम्ही फिटलेलं ते पोचवायला निघालो. मलमलीत गुंडाळलेलं हस्तलिखित मेधाच्या मांडीवर. टिटवाळ्याहून चालत वाडीवर पोचलो तर वाडी नव्हतीच. म्हणजे घरं होती. प्रत्येक दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली. चुली गार, कोंबड्या नाहीत, कुत्रीसुद्धा नाहीत. भात कापून झालेल्या शेतांतून नुसते खुंट. आमच्यातला एकजण उगीचच ‘कुणी आहे का?’ म्हणून ओरडला आणि स्वतःच ओशाळला.

शेवटच्या घराच्या उन्हात एक म्हातारी बसली होती. चालता येत नव्हतं म्हणून मागे राहिलेली.

‘सगळे कुठे गेले, आजी?’ मेधाने विचारलं.

‘भट्टीवर. पाऊस लागंल तवा येतील.’

‘कुठली भट्टी?’

‘लांब हाय. डोंबोलीला, खाडीवर.’ मग तिने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे नीट बघितलं. ‘तुमी कुठलं?’

वीस मुलं, दोन शिक्षक. आम्ही दोन तास प्रवास करून ज्यांच्या दारात क्षमा मागायला आलो होतो ती माणसं आमच्या शाळेमागे होती. ज्या धुराला आम्ही खिडक्या लावत होतो तो त्यांचा होता.

परतताना जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी भेटले. समोर तीन पोरं घेऊन बसले होते, तिन्ही वाडीबाहेरची. माणूस सज्जन होता, थकलेला होता. येसूचं नाव काढल्यावर त्यांनी हातातला खडू ठेवला. म्हणाले, ‘बाई, पटावर नाव ठेवलंय मी तिचं. कमी केलं नाही. एप्रिलात वार्षिक परीक्षा आहे, तीन दिवस. तेवढे तीन दिवस तिला कुणी आणून बसवलं की मी तिला पाचवीत घालतो. पाचवीपासून पुढे आश्रमशाळा घेते, राहायची-खायची सोय तिथेच. मग भट्टी सुटली तिची.’

‘आणि नाही आली तर?’

‘कोऱ्या कागदावर कसं पास करू? वरून तपासायला येतात. यंदा राहिली की राहिली. पुढच्या वर्षी आई तिला स्वतःच्या जोडीला विटा थापायला बसवेल, मग लग्न. दरवर्षी बघतो मी.’ आणि अगदी सहज म्हणाले, ‘आणणार कोण, एवढाच प्रश्न आहे.’

‘मी आणेन,’ मी म्हटलं. वीस मुलांसमोर म्हटलं.

त्याच आठवड्यात मेधाला आणि साळवी सरांना घेऊन खाडीवर गेले. माझ्या घरापासून पंधरा मिनिटं. मळलेल्या चिखलाचा थंड वास, पायाखाली तूस, जमिनीवर कच्च्या विटांच्या रांगाच रांगा, शाळेच्या वहीतल्या ओळींसारख्या. आणि मधोमध ती. उंच, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची, अंगाखांद्यावर विटा वाहणारी माणसं, वरून राखाडी धूर. साळवी सर थबकले. मेधाने हातातल्या पुस्तकाकडे बघितलं, मुखपृष्ठावर आपणच लिहिलेल्या नावाकडे बघितलं आणि पुस्तक उलटं करून छातीशी धरलं.

येसू कमरेवर धाकटा भाऊ घेऊन कच्च्या विटा उलटत होती, दुसरी बाजू वाळावी म्हणून. आम्हाला बघून इतकी हसली की मला लाज वाटली. हात फ्रॉकला पुसले, फ्रॉकही चिखलाचाच, म्हणून मग तिने पानांना हात लावलाच नाही. मेधा पान उलटायची आणि ती वाकून बघायची. कडेची नाचणारी माणसं बघून म्हणाली, ‘ही कोन? आमच्यात नाय अशी.’ साळवी सर खोकले. मग ती मेधाची कविता वाचायला लागली. ‘आम्ही... तो... तोड... तोडले... रा...’

ऑक्टोबरात ही मुलगी बिस्किटाच्या पुड्यावरचं वजन धडाधड वाचत होती. तीन महिन्यांत अक्षरं तिच्या हातून निसटायला लागली होती आणि ते तिच्याही लक्षात आलं. पहिल्याच ओळीत थांबून तिने माझ्याकडे बघितलं. तिकडून मुकादमाने हाक मारली, ‘ए पोरी, उनं चालली!’ ती गेली. कविता एका ओळीच्याही आत राहिली. पुस्तक तिला देऊन यावं असं माझ्या मनात होतं, पण प्रत एकच, आणि ते आंतरशालेय स्पर्धेत जायचं होतं.

तिच्या आईशी मात्र मी बोलले. विटा थापता थापता, मान वर न करता बाई ऐकत होती. चिखलाचा गोळा साच्यात, वरून हाताचा फटका, साचा पालथा. तीन दिवस, मी नेईन, मी आणून सोडेन, असं मी म्हणाले. धाकट्याला सांभाळायला शेजारच्या झोपडीतली पोरगी मिळेल का, याचा तिने तिथल्या तिथे विचार केला. मग म्हणाली, ‘तुमी नेनार ना? मंग नेवा.’ तिने शपथ घ्यायला लावली नाही. माझा शब्द तिने जसाच्या तसा घेतला.

फेब्रुवारी-मार्चात मी दर रविवारी जायची, जुनं चौथीचं पुस्तक घेऊन. दुपारी भाकरी खाऊन झाली की येसू विटांच्या थप्पीच्या सावलीत बसायची आणि वाचायची. अक्षरं परत आली, आधी अडखळत, मग धडाधड. तिथले दिवस मला आजही सुखाचे आठवतात, आणि तेच मला सहन होत नाही.

आता त्या जागेवर सतरा मजली सोसायटी आहे, खाडीचं दृश्य म्हणून जाहिरात करतात. टिटवाळ्याच्या पुढेही इमारती गेल्यात. मेधा परदेशात असते. मध्ये फोन आला तेव्हा म्हणाली, ‘बाई, ती कविता मला अजून पाठ आहे हो. आपण काय मनापासून केलं होतं ना सगळं!’ मी म्हटलं, हो. मनापासूनच केलं होतं. तिला पुढचं मी कधी सांगितलं नाही, तिची चूक नव्हती म्हणून. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं की माझीसुद्धा नव्हती.

कारण पुढचं काही विशेष नाहीच. एप्रिलात आमच्या शाळेचं वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि त्यात गुरुजींचे तेच तीन दिवस आले. मी मोठ्या बाईंकडे रजा मागायला गेले. त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात आमचं हस्तलिखित, स्पर्धेत पहिलं आलेलं, ढालीशेजारी उभं होतं. त्या म्हणाल्या, ‘अगं, परीक्षेत तीन दिवस रजा? पर्यवेक्षण कोण करणार? दीड हजार मुलं आहेत आपली.’ त्या रागावल्या नव्हत्या. खरोखरच कुणी नव्हतं. साळवी सरांचीही ड्यूटी होती. यांना विचारलं, तर यांच्या ऑफिसात तपासनीस आलेले. सासूबाईंना गुडघ्यामुळे जिना उतरवत नव्हता. एकेक दार मी ठोठावलं आणि प्रत्येक दारामागे रास्त कारण होतं. रजा न विचारता घेता आली असती. पगार कापला गेला असता, चार शब्द ऐकावे लागले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी मुळात अशी बाई आहे की जिला पर्यवेक्षणाच्या तक्त्यावर आपलं नाव दिसलं की त्याच्याविरुद्ध जाता येत नाही.

निदान सांगून यायला हवं होतं. पंधरा मिनिटं लागली असती. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी ती पंधरा मिनिटं ढकलत राहिले, कारण येसू समोर येऊन हसली असती. त्या तीन दिवसांत मी वर्गात बाकांमधून फिरत होते. सदतीस मुलं मान खाली घालून लिहीत होती. खाडीकडून धूर येत होता आणि मी खिडकी लावली नाही. एवढंच मी केलं.

मे महिन्यात, निकाल लागून सुट्टी लागल्यावर गेले. भट्टीचा हंगाम संपत आला होता, झोपड्यांची गाठोडी बांधायला सुरुवात झाली होती. येसूची आई साच्यावर बसली होती. तिच्या शेजारी दुसरा साचा होता आणि त्याच्यावर येसू. गोळा, फटका, पालथा. हात चांगला बसला होता तिचा.

मला बघून आईने काम थांबवलं नाही. रागाचा सूर नव्हता, नुसतं घडलेलं सांगावं तसं म्हणाली, ‘तीन दिस बसली व्हती रस्त्यावर. क्यास इंचरून. तिसऱ्या दिशी मीच बोलली, ऊठ आता.’

मी एका पुस्तकभर क्षमा लिहून घेतली होती. मात्रा तपासल्या होत्या, शुद्धलेखन तपासलं होतं. आणि आता त्या पोरीसमोर उभं राहून मला एक वाक्य जुळवता येईना. जे तोंडातून निघालं ते एवढंच, ‘येसू, माझ्या शाळेत पण परीक्षा होती गं त्याच दिवशी.’

तिने साचा पालथा केला, अलगद उचलला, विटेच्या कडा शाबूत आहेत का बघितलं. मग वर बघून, मला समजावल्यासारखं म्हणाली, ‘हां. तुमची पन व्हती ना.’ आणि पुढचा गोळा साच्यात घालता घालता, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, ‘पास झाली का तुमची पोरां?’

‘झाली,’ मी म्हटलं. ‘सगळी झाली.’